दारी हत्ती झुले

संपादक मित्राने लेख मागितला तेव्हा "विषय तुझ्या आवडीचा घे, फक्त वैचारिक हवा" अशी अट घातली. मी "मोठा कुत्रा" असे सांगताच त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "अंकात शेतीवर लेख आहे, बेकारीवर आहे, पाण्यावर आहे, आणि तू कुत्र्यावर लिहिणार?" मी म्हटले, पाण्यावरच लिहितो आहे असे समज, पाणी त्यात येतेच. त्याने मान डोलावली. त्यामुळे वाचकहो, या लेखात वैचारिक भाग कमी पडला तर दोष माझा आणि संपादकांचा निम्मा-निम्मा.

आमच्या घरी सहा वर्षे ग्रेट डेन जातीचा कुत्रा होता. खांद्यापाशी ८० सेंटिमीटर उंच आणि वजन ६२ किलो. संध्याकाळी त्याला घेऊन टी. व्ही. सेंटरच्या रस्त्याला लागलो की पोरांचा घोळका मागे लागे. "अरे बाप, घोडा है क्या ये?" असे एकजण विचारी, तर दुसरा ज्ञानी स्वरात त्याला सांगे, "पागल है क्या, वाघ आणि कुत्र्याचं मिक्स हाय ते." रिक्षावाले रिक्षा हळू करून बघत. चहाच्या टपरीवरची माणसे कप हातात धरून उठून उभी राहत. त्या वेळी साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची छाती किती फुगते, हे मी अनुभवाने सांगतो. त्या फुगलेल्या छातीबद्दलच मला लिहायचे आहे.

आपल्याकडे सुबत्तेचे वर्णन करताना दारी हत्ती झुलतो असे म्हणत. हत्ती शेत नांगरत नाही, दूध देत नाही, गाडी ओढत नाही. तो नुसता झुलतो, आणि येणारे-जाणारे पाहतात. आता सिडकोच्या घरापुढे हत्ती बांधता येत नाही. मोटार सगळ्यांकडे झाली. मग हत्तीची जागा या राक्षसी आकाराच्या कुत्र्यांनी घेतली. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरातल्या नव्या वसाहतींतून ही मंडळी बरीच दिसू लागली आहेत. माझ्या वडिलांना २०१८ साली वाळूजच्या कंपनीत बढती मिळाली, आणि त्या आनंदात त्यांनी घरात कोणाला न विचारता पिल्लू आणले. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच त्याला मांडीवर घेऊन बसलेली दिसली. असो.

पिल्लू एका दुकानाच्या मागच्या खोलीतून आणले होते. दोन महिन्यांचे आहे असे सांगून दिले. पुढे डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, फार तर पाच आठवड्यांचे असेल. आईपासून फार लवकर तोडले आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला यातले अक्षर ठाऊक नव्हते. बाबांनी कागदपत्र मागितले तेव्हा विक्रेत्याने मोबाईलवर पिल्लाच्या बापाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "साहेब, कागद काय करता? बाप बघा!" बापाचा तो फोटो बघूनच सौदा झाला. अडाणीपणा विक्रेत्याचा नव्हता, आमचा होता.

नाव आजीने ठेवले. आमचे कुलदैवत खंडोबा. आजी दर चंपाषष्ठीला आपल्या शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबाला जाते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, म्हणून हा खंड्या. मौज अशी की दुसऱ्या साताऱ्याचाही एक खंड्या आहे. थोरल्या शाहू महाराजांचा. त्याने शिकारीत महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला अशी कथा सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. तेव्हा नाव ऐतिहासिक आणि दैविक असे दोन्ही झाले. मराठीत खंड्या हे एका वीतभर पक्ष्याचेही नाव आहे, पण ते आठवून कोणी हसले की आजीला राग येई.

या जातीचे नाव 'डेन', म्हणजे डेन्मार्कची, पण जात मूळची जर्मनीची. सरदार-जमीनदारांच्या जंगलात रानडुकराला धरून ठेवण्यासाठी ती तयार केली गेली. पुढे डुकरांची शिकार मागे पडली आणि हे कुत्रे वाड्यांच्या दारात उभे राहू लागले. सेंट बर्नार्डची गोष्ट याहून रम्य आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर सुमारे २४७० मीटर उंचीवर एक खिंड आहे. तिथल्या मठातले साधू बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधायला हे कुत्रे वापरीत. त्यांतला बॅरी नावाचा कुत्रा १८०० ते १८१४ या काळात होऊन गेला. त्याने चाळीसएक माणसे वाचवली असे सांगतात, आणि त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आहे. गळ्यात दारूचे पिंप बांधलेला कुत्रा आपण चित्रांत पाहतो. ती मात्र एका इंग्रज चित्रकाराची करामत. सांगायचा मुद्दा असा की ही जनावरे एका विशिष्ट कामासाठी आणि विशिष्ट हवेसाठी घडवलेली आहेत. बर्फातल्या त्या कुत्र्याला मे महिन्यात जालना रोडवर चालवताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याची जीभ जवळजवळ गुडघ्यापर्यंत आली होती. मालक अभिमानाने सांगत होते, "घरात ए.सी. आहे त्याला." घरात होता, रस्त्यावर नव्हता.

माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी काय त्या त्याच्या पंजांच्या तळव्यांत. बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवाटे आणि श्वासावाटे बाहेर काढावी लागते. शरीर जितके मोठे तितकी आतली भट्टी मोठी, आणि त्या मानाने उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग कमी. कढईतला चहा लवकर निवतो, हंड्यातले पाणी निवत नाही, तसेच हे. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ४१ च्या वर गेले की त्याचा मेंदू आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराच कित्येकदा ४० च्या वर असतो. आमचा खंड्या एप्रिल ते जून पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतरच बाहेर पडे. उरलेला दिवस तो कूलरसमोर फरशीवर चारी पाय पसरून पडलेला असे. घरातली माणसे त्याला ओलांडून ये-जा करीत. कूलर एकच होता. तीन उन्हाळे आजी आणि खंड्या यांच्यात त्या जागेवरून मूक युद्ध चालले. शेवटी तह असा झाला की खाट आजीची आणि खाटेपुढची फरशी खंड्याची.

आता पाणी. नाथसागर १९७६ साली पूर्ण झाला. एवढा विस्तीर्ण जलाशय आपल्यापासून पन्नासएक किलोमीटरवर पैठणला आहे, आणि आमच्या नळाला त्या वर्षांत सहा-सहा, आठ-आठ दिवसांनी पाणी येत असे. ज्या दिवशी पाणी यायचे त्या रात्री सगळी गल्ली जागी. कुत्र्याला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे आमच्या खंड्याला नुसते प्यायला तीन ते चार लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी पिताना तो निम्मे जमिनीवर सांडी, ते पुसायला वेगळे. कूलरचे वेगळे. महिन्यातून एकदा अंघोळ घालायची तर चार बादल्या. आई एकदा टँकरवाल्याचे पैसे मोजता मोजता म्हणाली, "आपण पाच माणसं नाही, सात आहोत. खंड्या दोन माणसांचं पितो." ती चिडून म्हणाली नव्हती, हिशेब म्हणून म्हणाली होती. पण खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकू तेव्हा हंडा घेऊन जिन्यात उभ्या होत्या, आणि त्यांनी ते ऐकले. मला त्या दिवशी फार लाज वाटली. ज्या शहरात शेजारीण हंडा घेऊन उभी आहे, त्या शहरात आपल्या दारातल्या हत्तीला चार बादल्यांची अंघोळ घालण्याचा हक्क आपल्याला आहे का? या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. कुत्र्याचा तर त्यात काहीच अपराध नव्हता. तो पैठणहून आला काय किंवा पुण्याहून आला काय, तहान त्याने लावून घेतलेली नव्हती.

पैठणचे नाव निघाले म्हणून आठवले. एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण शाळेत शिकलो. नरसीचे नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तीही शिकलो. दोन्ही संत आपल्या मराठवाड्यातले. कुत्रा पाळण्याचा विषय निघाला की भूतदयेच्या नावाखाली हे दाखले हमखास दिले जातात. माझे म्हणणे एवढेच की नामदेव ज्याच्या मागे धावले त्या कुत्र्याची उंची त्यांनी मोजली नव्हती. ती दया होती. आम्ही पिल्लाच्या बापाचा फोटो बघून पैसे मोजले, ती हौस होती. हौस वाईट नाही. पण तिला दयेचा टिळा लावू नये.

खाण्यापिण्याचा खर्च मी सांगत नाही, कारण तो आकडा बाबांनी आईपासून लपवला होता आणि हा अंक घरी जाणार आहे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. एवढे मोठे पिल्लू घरात आले की सारा मोहल्ला आहारतज्ज्ञ होतो. कोणी म्हणाले, रोज सहा अंडी द्या. कोणी कॅल्शियमच्या बाटल्या आणून दिल्या. हाडे पोलादासारखी होतील म्हणून सांगितले. बाबांनी दोन महिने त्या बाटल्या चालवल्या. नंतर डॉक्टर रागावले. या जातीचे पिल्लू दीड ते दोन वर्षे वाढत असते. त्याला जितके भरभर वाढवावे आणि वरून कॅल्शियम पाजावे, तितकी त्याची हाडे आणि सांधे वेडेवाकडे होण्याचा संभव जास्त. मोठे करण्याची घाई, हाच मोठ्या कुत्र्याचा शत्रू. आपल्याकडे मुलांच्या बाबतीतही हे कोणी ऐकत नाही, कुत्र्याच्या बाबतीत कोण ऐकणार!

स्वभाव म्हणाल तर इतके गरीब जनावर मी पाहिले नाही. आपण ६२ किलोचे आहोत हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. तो स्वतःला मांजर समजे आणि पाहुण्यांच्या मांडीवर बसायला जाई. या जातीला माणसाला टेकून उभे राहायची सवय असते. खंड्या येऊन सगळे वजन माझ्या पायांवर टाकून उभा राही आणि मी भिंतीला टेकून उभा राही. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो आजीच्या खाटेखाली शिरायचा प्रयत्न करी. डोके आत जाई, बाकीचा कुत्रा बाहेर. आजी म्हणे, "अरे, तू राखण करायची का आम्ही तुझी?" आणि त्याच्या पाठीवर गोधडी टाकी. चोर आला असता तर खंड्याने त्याचे पाय चाटले असते याची आम्हा सर्वांना खात्री होती. मात्र चोराला ती खात्री नव्हती, एवढाच फायदा.

पण फायद्याला दुसरी बाजू आहे. चोराला जी भीती वाटे तीच समोरच्या बंगल्यातल्या पाच वर्षांच्या मुलीलाही वाटे. आम्ही रस्त्याने निघालो की तिची आई तिला आत ओढून घेई. "काही करत नाही तो!" हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असते आणि माझ्याही होते. आता वाटते, त्या वाक्याइतके उद्धट वाक्य नाही. ज्याला भीती वाटते त्याने आपल्या कुत्र्याचे शीलचारित्र्य आधी अभ्यासावे अशी अपेक्षा करणारे आपण कोण? रस्ता तिचाही आहे. आमच्या शेजारी मालवाहतुकीचा टेंपो चालवणारे एक काका राहतात. त्यांचा आणि आमचा यावरून दोनदा खटका उडाला. एकदा तर त्यांनी नगरसेवकापर्यंत तक्रार नेली.

मार्च २०२४ मध्ये हेच काका वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्चला राज्यांना पत्र पाठवले होते: पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू, कंगाल, केन कोर्सो अशा २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी. काका म्हणाले, "यात तुमचा आहे का बघा." बाबांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. नव्हता. ग्रेट डेन त्यात नव्हता आणि सेंट बर्नार्डही नव्हता. पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले, दिल्ली उच्च न्यायालयानेही संबंधितांचे म्हणणे ऐकून घेण्यास सांगितले, आणि प्रकरण पुन्हा हरकती-सूचनांच्या वाटेला लागले.

माझ्या मते ती यादी चुकीच्या टोकाकडून सुरू होत होती. कुत्रा चावतो किती, हा एकच प्रश्न तिच्यासमोर होता. जे कुत्रे चावत नाहीत पण गच्चीवरच्या पत्र्याखाली साखळीने बांधलेले असतात, त्यांचे काय? पडेगावकडच्या एका फार्महाऊसवर मी एक मास्टिफ पाहिला. मालक शहरात, कुत्रा तिथे. रखवालदार दिवसातून एकदा भाकरी टाकी. त्याच्या कोपरांवर बसून बसून घट्टे पडले होते. तो कोणत्याही यादीत असला काय अन् नसला काय, त्याला काय फरक पडणार? बंदी घालण्यापेक्षा जे नियम २०१७ पासून कागदावर आहेत ते दुकानाच्या मागच्या खोलीपर्यंत पोचले असते, तर आमचे पिल्लू आणखी तीन आठवडे आपल्या आईजवळ राहिले असते. आणि घेणाऱ्यालाही कोणी चार प्रश्न विचारले असते. घर कितव्या मजल्यावर? पाणी किती दिवसांनी? रात्री-अपरात्री याला उचलायला घरात किती माणसे?

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम लिहिला आहे.

मोठ्या कुत्र्याचे आयुष्य लहान असते हे आम्हाला आणताना ठाऊक नव्हते. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, म्हणून मोठे ते दीर्घायुषी असे आपण धरून चालतो. कुत्र्यांच्या जातींत नेमके उलटे आहे. घरातले छोटे पॉमेरियन बारा-चौदा वर्षे भुंकत राहते. ग्रेट डेन सात ते दहा वर्षांत संपतो. शरीर लवकर मोठे होते आणि लवकर म्हातारेही होते. २००७ साली शास्त्रज्ञांनी लहान कुत्र्यांच्या लहानपणामागे आयजीएफ-१ नावाच्या एका जनुकाचा मोठा हात असल्याचे दाखवले. म्हणजे माणसाने निवड करून करून हा आकार घडवला, आणि आकाराबरोबर जे आले तेही कुत्र्याच्या पदरी पडले: मोठे हृदय सैल पडणे, हाडाचा कर्करोग, खुब्याचे सांधे निखळणे. अमेरिकेत मिशिगनमधील झ्यूस नावाचा ग्रेट डेन जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेला. उंची ४४ इंच. तो २०१४ साली वारला तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे टेक्सासमधल्या दुसऱ्या एका झ्यूसला हाच मान मिळाला. तो २०२३ मध्ये, वयाच्या तिसऱ्या वर्षी गेला. विक्रमाची बातमी मी वाचली होती. वयाची वाचली नव्हती.

खंड्याला एप्रिल २०२४ मध्ये सहा वर्षे पुरी झाली. त्याच महिन्यात एका रात्री जेवण झाल्यावर तो गच्चीवर थोडा धावला. लहान चुलतभाऊ आला होता, त्याच्याशी खेळला. साडेअकराच्या सुमारास तो अस्वस्थ झाला. उठे, बसे, पुन्हा उठे. ओकारी काढण्याचा प्रयत्न करी आणि काही बाहेर येत नसे. पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले. आजी म्हणाली, "ओवा द्या त्याला." आम्ही ओवा दिला. आम्हाला वाटले, अपचन झाले.

त्याला पोटाला पीळ पडणे म्हणतात. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठरात वायू भरतो आणि ते स्वतःभोवती फिरते. दोन्ही तोंडे बंद होतात, रक्तपुरवठा तुटतो. सगळ्या जातींत हा धोका ग्रेट डेनला सर्वांत जास्त. तासा-दोन तासांत शस्त्रक्रिया झाली तर कुत्रा वाचू शकतो. इतकेच नव्हे, तर कुत्रा निरोगी असतानाच जठर बरगड्यांलगतच्या भिंतीला टाक्यांनी जोडून ठेवण्याची एक शस्त्रक्रिया असते. नसबंदीच्या वेळी तीही उरकता येते. हे सारे मी नंतर वाचले. सहा वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नाही. आणि आम्हीही, कॅल्शियमच्या बाटल्या विचारल्या तसे हे कोणाला विचारले नाही.

पाऊण वाजेपर्यंत पाच डॉक्टरांना फोन झाले. एकांनी उचलला आणि घेऊन या म्हणाले. आता त्याला न्यायचे कसे? आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जिना अरुंद आणि मध्ये वळण. खंड्याला उभे राहता येत नव्हते. बाबांनी आणि मी चादरीत घालून उचलायचा प्रयत्न केला, चादर फाटली. बाबांचे वय चोपन्न, पाठीला पट्टा. आई दिवा धरून उभी होती आणि रडत होती. मग कोणीतरी जिना चढून आले. शेजारचे टेंपोवाले काका, ज्यांनी कात्रण आणले होते ते. त्यांनी काही न बोलता आजीची खाट उलटी केली, खंड्याला तिच्यावर सरकवले, दोरीने बांधले. भाडेकरू काकूंचा मुलगा चौथ्या खुराला लागला. चौघांनी तो ६२ किलोचा कुत्रा वळणावर खाट उभी-आडवी करीत खाली आणला आणि टेंपोत चढवला. त्या टेंपोला आपल्याकडे 'छोटा हत्ती' म्हणतात. एरवी मी या योगायोगावर हसलो असतो.

डॉक्टरांनी सुई घालून वायू काढला. थोडा वेळ पोट उतरले. खंड्याने शेपटी एकदा हलवली. पण जठर फिरलेले होते, पोट उघडण्यावाचून उपाय नव्हता, आणि एवढ्या मोठ्या जनावराला भूल देऊन रात्री शस्त्रक्रिया करण्याची सोय तिथे नव्हती. सकाळपर्यंत वाट पाहायची किंवा दुसऱ्या शहरात न्यायचे. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण ते दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते पहाटेपर्यंत आमच्याबरोबर जमिनीवर बसून होते. त्याच वर्षी जुलैत मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाल्याची बातमी आली. आईने ते पान घडी करून ठेवले आहे. का ठेवले ते तिलाही सांगता येत नाही. पहाटे पाचच्या सुमारास खंड्या गेला. त्याच्या फिरायला जायच्या वेळेच्या अर्धा तास आधी.

खुलताबादजवळ काकांचे शेत आहे. तिथे दोन गड्यांना तास-दीड तास लागला खड्डा खणायला. एप्रिलचा मुरूम, टिकाव उडत होता. टेंपोवाले काका भाडे घेईनात. बाबांनी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "डिझेलचे द्या." तेवढेच घेतले.

तर मग एवढी जनावरे पाळूच नयेत का? माझे मत पक्के नाही, आणि ते पक्के नसल्याची मला लाज वाटत नाही. कोणी म्हणतात, आपली देशी जात पाळावी. मुधोळ किंवा कारवानी; लातूर-सोलापूरकडे ही शिकारी कुत्री पिढ्यान् पिढ्या आहेत. २००५ साली पोस्टाने मुधोळवर तिकीट काढले, लष्करानेही ती कुत्री शिकवायला घेतली. हवा मानवणारी, अंगाने हलकी, कमी खाणारी जात आहे ती. पण तिला पळायला रान लागते. सिडकोच्या गच्चीवर तिचेही हालच होतील. शिवाय उद्या तिचीही फॅशन निघाली की दुकानाच्या मागच्या खोलीत तिचीही पिल्ले पाच आठवड्यांची विकली जातील. कुत्र्याची जात बदलून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. ज्याच्या घराला अंगण आहे, ज्याची विहीर आटत नाही, ज्याने आधी चार पुस्तके वाचली आहेत आणि ज्याच्या शहरात रात्री दोन वाजता पोट उघडणारा डॉक्टर आहे, त्याने जरूर ग्रेट डेन पाळावा. त्याच्यासारखा सोबती नाही. अशी किती घरे आपल्या शहरात आहेत, हे ज्याचे त्याने बघावे. आमचे त्यांत नव्हते.

गेल्या दिवाळीत बाबांच्या कंपनीतले एक गृहस्थ घरी आले. त्यांना ग्रेट डेनचे पिल्लू घ्यायचे होते. दुकानाचा पत्ता हवा होता. बाबांनी पत्ता दिला नाही. कोपऱ्यात गव्हाचे ५० किलोचे पोते होते, तिकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी हे जिन्याने खाली नेऊन दाखवा. मधल्या वळणावर टेकवायचं नाही." ते गृहस्थ हसले. बाबा हसले नाहीत. मग आजीने चहा आणला, विषय बदलला.

त्यांनी पोते उचलले नाही. पिल्लू मात्र दुसरीकडून आणले, या जानेवारीत. निदान आठ आठवडे पुरे झालेले आणि कागदपत्रांसह, एवढे बाबांचे ऐकले. आता बाबा दर रविवारी त्यांच्याकडे जातात. जेवणानंतर त्याला दोन तास पळू देऊ नका म्हणून सांगतात, कॅल्शियमच्या बाटल्या शोधून फेकून देतात, आणि येताना पँटला पांढरे केस लावून येतात. आई ते झटकत नाही.